कडू वेल

दोडका चिरताना तो हिरवा वास आला की अजून माझा हात थांबतो. मांडवगणात नवी सून म्हणून मी पहिल्यांदा रांधलं, ती दोडक्याचीच भाजी. रिवाजाप्रमाणे, कडू नाही ना हे बघायला, एकाचं टोक चाखलं, ते गोड निघालं. सासरे आधी बसले, ताट पुसून जेवले आणि थोड्या वेळात ओकायला लागले. हातपाय गार पडले. सासूबाईंनी भाजी जिभेला लावली. "आगं, जहर हाय हे!" बांधावरच्या रानटी कडू दोडक्याचा पराग मधमाश्यांनी मागच्या साली आमच्या फुलांत आणला होता आणि त्या घरच्या बियांतला एक वेल कडू निघाला होता, हे पुढं कळलं. तेव्हा शिरूरच्या दवाखान्याकडं धावणाऱ्या जीपमध्ये मी सासऱ्यांचे तळवे चोळत विचारलं, "आबा, कडू लागलं न्हाई का तुमाला?" डोळे मिटूनच ते म्हणाले, "लागलं की. पन तू पयल्यांदा रांधलंवतं, टाकू कसं?" आबा वाचले. माझ्या सुनेला मात्र मी पहिल्याच दिवशी सांगितलं, कडू लागलं तर मी थुंकणार.