एकच औषध उरलं तेव्हा

बाळासो चौगुले कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीत कामाला होता. वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचं काम. आजारपण म्हणून कधी खाडा केला नव्हता. एकदा पाळी संपवून येताना मोटरसायकल घसरली आणि नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. कोल्हापुरात ऑपरेशन झालं, हाडात सळी बसवली. घरी सोडायचं बोलणं चाललं होतं, तेवढ्यात टाक्यांतून पू यायला लागला.

ताप चढला. एक अँटिबायोटिक झालं, दुसरं झालं, त्याहून भारी तिसरं झालं. ताप हटेना. पू आणि रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला त्याच दुपारी बाळासोची खाट वॉर्डातून हलवून वेगळ्या खोलीत नेली. आत येणारा प्रत्येक जण गाऊन आणि हातमोजे घालून येऊ लागला. शेजारच्या खाटेजवळची मलकापूरची माणसं रोज बाळासोच्या घरच्यांबरोबर डबा वाटून खायची. ती दारापर्यंत आली आणि तिथूनच परत गेली. बाळासोच्या बायकोला, वर्षाराणीला वाटलं, आता काही हा माणूस हाताला लागत नाही.

डॉक्टर अंतरा खुर्ची ओढून बसल्या. "हे जंतू आपल्या नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. सळीला चिकटून बसलेत, रक्तातही उतरलेत. सळी काढावी लागेल. आणि एक जुनं औषध उरलंय, तेवढंच लागू पडेल असं दिसतंय. पण त्यानं किडनीला धक्का बसू शकतो. आम्ही रोज रक्त तपासू."

किडनी म्हटल्यावर बाळासोचं तोंड उतरलं. त्याचा थोरला भाऊ डायलिसिसवर असतानाच गेला होता.

"मी न्हाय घ्यायचो ते," डॉक्टर गेल्यावर तो म्हणाला. "अण्णाचं काय झालं, बघिटलंयस की. पाय कापा म्हणावं."

वर्षाराणी बाहेर गेली. बेसिनपाशी बराच वेळ हात धूत राहिली. मग डॉक्टरांना गाठून परत आली.

"पाय कापून भागत न्हाय म्हणत्यात. रक्तात गेलंय ते. अवं, मला बी भ्या वाटतंय, लई वाटतंय. पर तुमी न्हाय म्हणून बसला, तर मी कुणाला घिऊन घरी जाऊ?"

नर्स आली तेव्हा त्यानं मुकाट्यानं हात पुढं केला.

सळी काढली, पायाला बाहेरून लोखंडी चौकट लावली. औषध सुरू झालं आणि लघवी कमी होऊ लागली. चेहरा सुजला. वर्षाराणी खाटेला लटकवलेल्या लघवीच्या पिशवीकडं बघत बसायची. पिशवीत थेंब पडला की तिला श्वास घेता यायचा. बाळासो तिला जवळ येऊ देईना.

"हात लावू नगं. तुला काय झालं तर आपल्या पोरीकडं, प्रियदर्शनीकडं कोण बघंल?"

ती मोजा घातलेला हात त्याच्या कपाळावर ठेवायचीच.

डॉक्टरांनी डोस कमी केला, रोज रक्त बघितलं. एका सकाळी अंगावरची चादर घामानं भिजली होती आणि अंग गार लागत होतं. वर्षाराणी नर्सला बोलवायला धावली. नर्सनं थर्मामीटर लावून बघितला आणि ती म्हणाली, "ताई, ताप उतरलाय."

पुढं लघवी नीट होऊ लागली, जखम भरत आली. घरी पाठवताना डॉक्टरांनी सांगितलं, घरच्यांनी घाबरायचं नाही, फक्त हात साबणानं धुवायचे. तरी कितीतरी दिवस बाळासो पोरीला मांडीवर घेत नव्हता.

आता त्याचा एक पाय बोटभर आखूड आहे. फौंड्रीतच स्टोअरला बसतो. किडनीची तपासणी अधूनमधून करावी लागते. साधी कणकण आली तरी तो कुणाला सांगत नाही, नडगीवर तळहात ठेवून ती गरम लागते का बघतो. वर्षाराणीला ते कळतं. ती नुसती शेजारी येऊन बसते.