कानाने आवळलेले नट

थोरल्याचा उजवा खांदा कामातून गेला, नट आवळायची हवेवरची जुनी जड गन पेलेनाशी झाली, तेव्हा धाकट्याने बॅटरीवर चालणारी इम्पॅक्ट गन आणली. दोघा भावांचं टायरचं दुकान. चाकं खोलणं-बसवणं थोरल्याकडे, गिऱ्हाईक आणि गप्पा धाकट्याकडे. धाकट्याने गनबरोबरची पुस्तिका मोठ्याने वाचून दाखवली. नटावर बसणारी गोटी बदलताना आधी बॅटरी काढायची. गोटी जाड, काळीच लावायची, चकचकीत पातळ असते ती फुटते. नट आधी बोटांनी चढवायचा, गनने नुसता टेकवायचा आणि शेवटचं आवळणं मापाच्या पान्याने, लावलेल्या आकड्याएवढंच.

थोरल्याने जांभई दिली. मापाचा पाना भिंतीवर खिळ्याला लटकत होता आणि त्याच्यावर कोळ्याने संसार थाटला होता. असली खेळणी नवशिक्यांसाठी, असं थोरल्याचं ठाम मत. नट बसला की गनचा आवाज बदलतो, मोकळा खडखडाट एकदम टणक होतो. त्याच क्षणी बोट सोडायचं. जन्मभर त्याने कानानेच नट आवळले होते.

पण कानाने तरी किती सोसायचं? डोक्यावर पत्रा, भोवती तो खडखडाट, आणि याने कधी कानात कापसाचा बोळा घातला नाही. बायको ओरडायची, तर म्हणायचा, तुझी बडबड ऐकण्यापेक्षा हे बरं. पुढे टीव्हीचा आवाज वाढला. मग सगळं जगच पुटपुटायला लागलं आहे, असं तो म्हणू लागला. बहिऱ्या माणसाला दुसऱ्यांचेच दोष दिसतात.

त्या सकाळी एका टेम्पोचं चाक बसवताना नट ज्यावर चढतो तो स्टड कडकन तुटला. तुकडा नटासकट गोटीत राहिला. धाकट्याने गनच्या नावाने खडे फोडले. दुकानदाराने फसवलं, आत्ताच्या आत्ता परत करतो म्हणाला आणि पिशवी शोधू लागला.

थोरल्याने मनात म्हटलं, गनवर निभावतंय, तर निभावू दे. कान गेलेत हे कळलं, तर धाकटा आपल्याला गल्ल्यावर बसवणार, याची त्याला खात्री होती. दिवसभर खुर्चीत बसून आल्यागेल्याला या-बसा करायचं! त्यापेक्षा दुखरा खांदा परवडला. तो एका जुन्या टायरवर टेकला आणि टेकल्याटेकल्या त्याला शाळेची व्हॅन आठवली. कालच तिची चाकं बसवली होती. हीच गन, हेच कान. आज स्टड इथल्या इथे तुटला. कालचे ताणून अर्धमेले झाले असतील, तर रस्त्यात तुटतील, आणि आत पोरं असतील.

गुडघ्यावर हात रेटत तो उठला.

"परत करू नकोस ती."

"अरे दादा, स्टड तोडला तिने."

"मी तोडला. आवाज बदललेला मला कळत नाही. कधीपासून, ते विचारू नकोस."

धाकट्याने पिशवी खाली ठेवली. "वहिनी म्हणत होती," तो हळूच म्हणाला, मग भान येऊन मोठ्याने म्हणाला, "मला वाटलं, भांडणात म्हणतेय."

"व्हॅनवालीला फोन लाव. पोरं बसायच्या आत गाडी आण म्हणावं."

व्हॅनवाली आली ती फणकाऱ्यातच. नट सोडवून पाहिले, तर एका चाकाचे स्टड मानेशी बारीक झाले होते. धाकट्याचा चेहरा उतरला. भावांनी ते बदलले. तेवढा वेळ व्हॅनवालीचं तोंड चालूच होतं. त्यातलं निम्मं थोरल्याला ऐकू आलं नाही, तेवढाच फायदा.

धाकट्याने मापाचा पाना काढला, कोळ्याला बेघर केलं, आकडा लावला आणि पाना दादापुढे धरला. "याला कान लागत नाही. टक्क झालं की हाताला कळतं."

थोरल्याने एक नट आवळला, मग समोरचा. तळहाताला बारीक ठोका लागला आणि तो थांबला. हाताला कळलं. खांद्यालाही कळलं. ज्या खांद्यासाठी गन आणली, तोच पुन्हा जुंपला गेला.

"आता गल्ल्यावर बसवशील ना मला?" त्याने मान वर न करता विचारलं.

"तुला? हसता येतं का तुला? गिऱ्हाईक पळेल माझं."

हे मात्र थोरल्याला नीट ऐकू आलं. त्याने पाना डाव्या हातात घेऊन खांदा जरा चोळला आणि पुढच्या नटाला लावला.