एकशे अठराच्या पुढे

हे आजवर कुणापाशी बोललेलं नाही. आईपाशी नाही, संशोधनाच्या मार्गदर्शकांपाशी नाही, आणि जिच्यापाशी सर्वांत आधी बोलायला हवं होतं तिच्यापाशी तर मुळीच नाही. मी भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी आहे. निष्कर्षाआधी प्रयोगाची परिस्थिती मांडायची, अशी मला सवय आहे. इथेही तसंच करते आहे. की निष्कर्ष लांबवण्याची ही एक सभ्य रीत आहे? बहुधा तेही असेल.

नेत्रा आणि मी रत्नागिरीत बी.एस्सी.ला एका बाकावर बसायचो. ती जवळच्याच समुद्रकाठच्या मिऱ्या गावची. तिचे बाबा बोटीवर — वर्षातले बहुतेक महिने कुठल्यातरी समुद्रात. एका खेपेला त्यांनी परदेशी बंदरातून तिच्यासाठी गिटार आणली. आवाजाच्या भोकाशेजारी प्रवासात पडलेला एक लांब ओरखडा होता, आणि नेत्राला तो ओरखडा गिटारीइतकाच आवडायचा. मी गिटार घेतली ती तिचं पाहून. हे आधी नोंदवायला हवं, कारण पुढे सगळ्यांना — मलासुद्धा — वाटू लागलं की गिटार मुळात माझी आणि नेत्रा मागून आलेली.

आम्ही दोघी स्वतःच शिकलो. सरावाची पद्धत मी आखली होती. मुख्य व्यायाम साधा: डाव्या हाताची चारी बोटं गिटारीच्या दांडीवरच्या शेजारशेजारच्या चार घरांवर, म्हणजे फ्रेटवर, कोळ्याच्या पायांसारखी एकामागून एक टाकायची, मग पुढच्या तारेवर, मग त्यापुढच्या, उजव्या हातातली तार छेडायची पिक खाली-वर, खाली-वर, एकही फटका न चुकवता. ठरावीक वेगाने टिकटिकणाऱ्या मेट्रोनोमच्या प्रत्येक ठोक्याला चार स्वर. सलग स्वच्छ वाजलं तरच ठोका थोडा वाढवायचा. बोट तारेवरून फार उचलायचं नाही. खांदा सैल हवा. आणि एक नियम मी तिला पहिल्याच दिवशी बजावून सांगितला होता: दुखलं की थांबायचं, चर्चा नाही. हा नियम माझा होता. तो लक्षात ठेवा.

मिनिटाला एकशे अठरा ठोक्यांवर माझा हात अडकला. त्यापुढे गेलं की अनामिका मागे राहायची आणि स्वर एकमेकांवर आदळायचे. मी सगळं तपासलं — पिकचा कोन, मनगटाची उंची, बसण्याची खुर्ची. काही आठवडे गेले, आकडा हलला नाही. आणि नेत्रा, जी निम्मा वेळ पडवीत बसून समुद्राकडे बघत सरावाच्या नावाखाली गाणी छेडायची, ती एका दुपारी सहज एकशे बावीसला पोहोचली.

"तुझं ते टिकटिक बंद कर गो, डोकं उठतंय," ती म्हणाली. "आणि हात कसला आवळून धरत्येस? कुणी पळवून नेतंय काय गिटार?"

मी हसले. घरी येताना रिक्षात मात्र माझे दात एकमेकांवर घट्ट बसलेले होते. पद्धत माझी, शिस्त माझी, आणि पुढे ती? तुमच्या बाबतीत कधी असं झालं आहे का — एखाद्याच्या आनंदात तुमचा हिशेब चुकलेला दिसतो आणि तुम्हाला तो आनंद चुकीचा वाटू लागतो?

दोन दिवसांनी आई बाजारात गेली असताना मी ते केलं.

युक्ती जुनी आहे आणि शालेय विज्ञानाइतकी सोपी. चित्रफितीचा वेग वाढवला की स्वरही त्याच प्रमाणात चढतात. म्हणून मी सहाही तारा तीन अर्धस्वर खाली उतरवल्या आणि एकशे अठराला वाजवून त्याची फीत केली. मग फितीचा वेग नेमका तेवढाच वाढवला, की उतरवलेले स्वर पुन्हा आपल्या जागी येतील. ठोका झाला एकशे चाळीस. कानाला काही खटकण्याचा प्रश्नच नव्हता. डोळ्याला खटकेल असं जे होतं ते मी एकेक करून दूर केलं: भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, पंखा बंद केला, खिडकी लावून घेतली, कारण बाहेर माडाच्या झावळ्या हलत होत्या आणि त्या उगाच घाईत दिसल्या असत्या. इतक्या काळजीने मी आजवर एकही प्रामाणिक प्रयोग केलेला नाही.

एक गोष्ट राहिली. बंद खोलीत, मे महिन्यात, माझ्या हनुवटीवरून घामाचा एक थेंब गिटारीवर पडला. तो फितीत दिसतो. वेग वाढवल्यामुळे तो जितक्या घाईने पडतो तितक्या घाईने या पृथ्वीवर काहीच पडत नाही. गणित केलं तर त्या खोलीतलं गुरुत्वाकर्षण जवळजवळ दीडपट निघतं. ते गणित नेत्रालाही येत होतं. पण मैत्रिणीचा घाम कोण मोजतं?

मी फीत तिला पाठवली आणि इंटरनेटवरही टाकली. तिचं उत्तर लगेच आलं: "मेले, माणूस आहेस की यंत्र? शिकव मला."

शिकव मला. तिने हेवा केला असता तर मला सोपं गेलं असतं. तिने माझ्यावर विश्वास ठेवला आणि स्वतःला आळशी ठरवलं. समुद्राकडे बघणं बंद झालं. गाणी बंद झाली. मी तिच्याकडे जाई तेव्हा पडवीतून फक्त मेट्रोनोम ऐकू येई — तोच, ज्याने तिचं डोकं उठायचं. तिची आई मला म्हणाली, "तूच सांग गो तिला जरा. जेवताना पण बोटं ताटावर चालवत असते." मी मान डोलावली आणि काही सांगितलं नाही.

आता ज्या गोष्टीभोवती इतका वेळ फिरते आहे ती.

पावसाळा संपत आला होता. नेत्राने गिटार बाजूला ठेवली, डावं मनगट उजव्या हातात धरलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुला दुखत नाही गो कधी? इथे, अंगठ्याच्या बाजूला?"

त्या क्षणी माझ्यापुढे एक सरळ वाट होती. नियम माझाच होता. "थांब" — एवढा एकच शब्द पुरला असता. फितीबद्दल कबुली देण्याचीसुद्धा गरज नव्हती. पण ती थांबली असती तर तिने माझ्याकडे पाहिलं असतं आणि विचारलं असतं, तुझं कसं नाही दुखलं? त्या प्रश्नाची मला भीती वाटली. आणि खरं पूर्ण सांगायचं तर — भीतीच्या खाली आणखी काहीतरी होतं. बरं वाटत होतं मला. तिचा हात थांबू पाहत होता, आणि मला बरं वाटत होतं.

मी म्हणाले, "सुरुवातीला दुखतं. त्यातून जावं लागतं. मीही गेले."

माझा हात कधीही दुखलेला नव्हता. एकशे चाळीसला तो कधी गेलाच नव्हता.

ती त्यातून गेली. दिवाळीच्या सुमारास तिला दरवाजाची कडी डाव्या हाताने सरकवता येईना. डॉक्टरांनी अंगठ्यापासून कोपराखालपर्यंत पट्टा बांधला, स्नायुबंधाला सूज आहे म्हणाले, आणि गिटारीचं नाव काढायचं नाही अशी ताकीद दिली. त्याच महिन्यात शहरातल्या एका हौशी वाद्यवृंदाचा कार्यक्रम होता. त्यांनी गिटारीसाठी नेत्राला निवडलं होतं, मला नव्हे. तिच्या हाताला गोडवा आहे, असं वाद्यवृंदाचे प्रमुख म्हणाले होते. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. नेत्राने स्वतः मला त्यांच्यासमोर नेलं. "भाऊ, ही घ्या. एकशे चाळीसला वाजवते ही. माझ्यापेक्षा चांगली मिळाली तुम्हाला."

भाऊंनी मला वाजवायला लावलं नाही. फीत त्यांनीही पाहिली होती.

कार्यक्रमातलं एकही गाणं नव्वदच्या पुढे नव्हतं. हे वाचून तुम्हाला हसू आलं तर हसा. मला तालमीच्या पहिल्या दिवशीच कळलं होतं, आणि त्या तालमीत मी इतकी घाबरले होते की सोपे स्वरही घाईत वाजले. "अगो, गाडी चुकत्ये काय तुझी?" भाऊ म्हणाले आणि सगळे हसले. कार्यक्रमाच्या दिवशी नेत्रा पहिल्या रांगेत होती. पट्ट्यामुळे तिला टाळ्या वाजवता येत नव्हत्या. ती उजव्या हाताने मांडीवर थापा मारत होती, प्रत्येक गाण्यानंतर, सगळ्यांच्या टाळ्या थांबल्यावरही.

या गोष्टीला काही वर्षं झाली. नेत्रा आता एका खाजगी प्रयोगशाळेत रक्त तपासण्याचं काम करते. खवणीवर नारळ खवताना हात अजून धरतो, असं तिनेच बोलता बोलता सांगितलं. तक्रार म्हणून नव्हे. मी संशोधन करते, मोजमापातल्या चुकांवर. गिटारीच्या सरावाच्या फिती मी अजूनही टाकते आणि लोक त्या पाहतात. सगळ्यांत वर तीच आहे, एकशे चाळीसची, थेंबासकट. मुली खाली विचारतात, ताई, एवढा वेग यायला किती दिवस लागतात? मी उत्तर देते: सातत्य ठेवा.

गेल्या महिन्यात नेत्रा दारात आली. खांद्याला गिटार. बाबा आता कायमचे घरी आलेत, म्हणाली, आणि गिटार नुसती भिंतीला टेकलेली बघून त्यांना वाईट वाटतं. "तुझ्याकडे असली की वाजेल तरी. नाहीतर तारा गंजायच्या, मिऱ्याची हवा ठाऊक आहे ना तुला."

सांगायला ती वेळ होती. ती स्टुलावर बसली होती, चहा निवत होता, आई आतल्या खोलीत होती. माझ्या तोंडात पहिलं वाक्य तयारही होतं. नेत्राने पिशवीची चेन उघडली, ओरखड्यावरून एकदा अंगठा फिरवला — डावा — आणि गिटार माझ्यापुढे धरली.

मी ती घेतली. "थँक्यू" म्हणाले.

ती गिटार आता माझ्या खोलीत आहे. तिच्यावरही मी तो व्यायाम करून पाहिला, सावकाश सुरुवात करून, ठोका थोडाथोडा वाढवत. एकशे अठराला अनामिका मागे राहिली.