दाजींच्या विमानाचं चार्जिंग

मी भूमला ट्रॅक्टर आणि जीपगाड्यांची वायरिंग करतो. मीटर हातात धरायला मला दाजींनी शिकवलं, म्हणजे माझ्या अक्काच्या नवऱ्यानं. ते आयटीआयत मास्तर होते, घरातल्या आणि कारखान्यातल्या विजेचे. गाडीच्या कामात मात्र तू माझ्या पुढं गेलास, असं चारचौघांत सांगायचे.

निवृत्त झाल्यावर माणसं देवदेव करतात. दाजींनी तेरखेड्याच्या शेतात पत्र्याचं शेड मारून विमान बांधायला घेतलं. दोन माणसं बसतील एवढं, लाकडी सांगाड्याचं, वरून कापड ताणलेलं. आधीच फटाक्यांचं गाव, त्यामुळं लोकांना आयता विषय मिळाला. "मास्तर, वात कुठून लावायची?" असं येताजाता विचारायचे. दाजीही हसायचे. त्यांना फक्त एकदा स्वतःच्या हातानं केलेल्या विमानातून वर जायचं होतं.

गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हा रेग्युलेटर मी बसवून दिला. इंजिनाकडून येणारी वीज आवरून बॅटरीला देणारा लहानसा डबा तो. बाकीची वायरिंग दाजींनी नंतर पुरी केली. इंजिन झकास सुरू झालं, पण बॅटरी चार्ज होईना. मीटरचा आकडा चौदा व्होल्टकडे चढायचं सोडून बारावरून खाली घसरायचा.

तीन दिवस आम्ही दोघं शोधत होतो. फ्यूज पाहिला, इंजिनातली कॉइल मोजली, नवा रेग्युलेटर आणून त्याच जागी आवळला. काही फरक पडेना. मग दाजी स्वतःच्या कामावर संशय घ्यायला लागले. एकेक सांधा उकलून पुन्हा सोल्डरचा डाग देत बसायचे. 

"नजर गेली आन् हातबी गेला बघ," ते म्हणाले. "माझंच कुठंतरी चुकलंय."

खरं तर दुसऱ्या दिवशी दुपारीच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. ट्रॅक्टरला रेग्युलेटर आवळला की अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हशी जोड, आपोआप मिळते, कारण सगळं अंगच लोखंडाचं. त्याच सवयीनं मी इथंही तो नुसता दोन बोल्टांवर आवळून मोकळा झालो होतो. प्लायवुडवर! लाकडातून कसली अर्थिंग मिळणार? मला स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावंसं वाटलं. पण दाजींसमोर जीभ उचलेना.

तिसऱ्या दिवशी ते जेवायला घरी गेले, तेव्हा मी रेग्युलेटरच्या बुडापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक काळी वायर ओढली. परत येऊन त्यांनी इंजिन सुरू केलं. आकडा चौदावर.

"काय होतं रं?"

"तुमचा एक सांधा कच्चा होता, दाजी. पक्का केला."

"आन् ही काळी वायर?"

"ती जादाची. असू द्या."

त्यांनी मान हलवली. कोणता सांधा, हेसुद्धा विचारलं नाही.

आठ दिवसांनी अक्काचा फोन आला. "तुझे दाजी इमान उडवायचं न्हाय म्हणत्यात. ज्याचा हातावर भरवसा न्हाय त्यानं वर जाऊ नये म्हणत्यात. तुझ्यामुळं माझा जीव भांड्यात पडला बघ!"

तिचा आनंद ही मला सोयीची सबब झाली. आज सांगू, उद्या सांगू करत मी महिने घालवले. मध्येच सोलापूरकडचा एक माणूस टेम्पो घेऊन आला आणि विमान विकत घेऊन, सुटं करून घेऊन गेला. पंख टेम्पोत चढवायला मीही हात लावला. त्या दिवसाची लाज अजून जात नाही.

परवा शेवटी गेलोच. शेडात आता कांदा पसरलेला आहे. दाजी सडके कांदे बाजूला काढत होते. मी सगळं सांगितलं, बोल्ट, प्लायवुड, खोटा सांधा. बोलता बोलता रडलो.

दाजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"मला बरं वाटावं म्हणून सगळं अंगावर घेतोस व्हय? वायर जादाची हाय, हे तूच सांगितलं होतंस की." ते समजूत काढल्यासारखं हसले. "आजवर तू माझ्याशी कधी खोटं बोलला न्हाईस. आता माझ्यापायी नको सुरू करूस."