साडीवरची माशी

डच लोकांनी सुरतेत मागे ठेवल्या त्या कबरी. त्यांची फुलं मात्र मी आणणार होतो, अशी माझी समजूत. सत्तर सालाच्या आसपास मी एका छपाई गिरणीत साड्यांची डिझाइनं काढायचो. रद्दीवाल्याकडे जुन्या डच फुलचित्रांचं एक पुस्तक मिळालं आणि डोकं फिरलं. काळोखातून उजळलेली फुलं, कडेने सुकत चाललेली पाकळी आणि तिच्यावर एखादी माशी. सगळं नासणारच आहे, हे सांगायला म्हणे ती माशी असते. मला तिच्यात चित्रकाराचा माज दिसला, आणि तो माझ्याकडे भरपूर होता.

मी गर्द जांभळ्यावर जास्वंद, कण्हेर आणि झेंडू रंगवले. झेंडूवर माशी बसवली, पंखांच्या शिरांसकट.

शेठनी कागद हातभर लांब धरला. चष्मा टेबलावरच होता. "सरस!" म्हणाले.

मग कागद गेला ट्रेसरकडे. डिझाइनमधला एकेक रंग वेगळा उतरवून द्यायचं काम त्याचं. धुळ्याकडचा, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा, तरी मला साहेब म्हणायचा. त्याने विचारलं, "साहेब, ही माशी शे का डाग? काढी टाकू का?"

"तुला कलेतलं काय कळतं? कागदावर आहे ते उतरव."

त्याने उतरवलं. शिरांसकट.

साड्या बाजारात गेल्या आणि आठवड्यात परत आल्या. कापडावर डिझाइन पुन्हा पुन्हा येतं, हे शिकवायला मला कुणी नको होतं. तरी एक माशी काढली की साडीभर माश्या होतात, हा हिशेब माझ्या डोक्यात आलाच नव्हता. दुकानात बायका पदर झटकत होत्या म्हणे.

"आ माखी कोणे बेसाडी?" शेठ केबिनमधून ओरडले. "कागद लाव!" म्हणजे मूळ कागद घेऊन ये.

कागद माझ्या खणात होता. पोस्टर कलर पाण्याने उचलता येतो. मी ओला ब्रश फिरवला, माशी टिपकागदात घेतली, वर झेंडूचा पिवळा लावला आणि फुंकर मारत मारत केबिनमध्ये गेलो. एवढ्या सफाईने मी आयुष्यात दुसरं काही रंगवलेलं नाही.

शेठनी या वेळी चष्मा लावला. माशी नव्हती. ट्रेसरला बोलावलं. त्याने वाकून कागद पाहिला, झेंडूला बोट लावलं. बोट पिवळं झालं. माझ्याकडे बघून तो हळूच म्हणाला, "साहेब, रंग ओला शे."

"शुं कहे छे?" शेठ.

"माफी मागे छे," मी म्हणालो.

तेवढी गुजराती त्यालाही येत होती. पण त्याचा मेहुणा आमच्याच छपाईच्या टेबलावर होता, आणि तिथे कोणाला ठेवायचं ते शेठ मला विचारून ठरवत. त्याने बोट पँटला पुसलं. त्याच दिवशी त्याला काढलं.

महिन्याभराने मी उधन्याला त्याच्या खोलीवर गेलो. सगळं कबूल करायचं, शेठपुढेही बोलायचं, असं रस्ताभर घोकत होतो. तो घरी नव्हता, काम शोधायला कामरेजकडे गेला होता. बायकोने सतरंजी टाकली, चहा ठेवला. तिच्या अंगावर तीच साडी. परत आलेला माल गिरणीने कामगारांत वाटून टाकला होता, त्यातली ही मेहुण्याच्या वाट्याची असणार.

"साहेब, तुम्ही रागे नका भरू त्यांच्यावर," ती म्हणाली. घरची बोली बाजूला ठेवून माझ्याशी जपून बोलत होती. "ते सांगत होते, साहेबांचं चित्र लई भारी होतं, माझ्याच हातून चूक झाली. तुम्ही शेठला एक शब्द टाकाल का?"

"बघतो," मी म्हणालो.

तिने साखर जास्त घातली होती, पाहुण्याला घालतात तशी. मी सगळा चहा प्यालो, छान झालाय म्हणालो, आणि तो यायच्या आत निघालो.