कवळीकारांची टर्बो

कवळीकारांच्या गाडीला स्थळे येत होती; पसंत मात्र एकही पडत नव्हते.

कवळीकार हे काही त्यांचे आडनाव नव्हे. या गृहस्थांनी उमेदीची सारी वर्षे दंतवैद्यांसाठी कवळ्या घडवण्यात घालवली, म्हणून गल्लीने त्यांना हे नाव दिले आणि त्यांनीही ते कुरकुर न करता स्वीकारले. घराची पुढची खोली ही त्यांची कार्यशाळा. खिडकीखाली लांबलचक बाक, बाकावर जबड्यांचे पांढरे साचे रांगेने मांडलेले, शेजारी मेण वितळवण्याची चिमुकली चूल, आणि साऱ्यावर प्लास्टरची बारीक भुकटी. नवखा माणूस आत आला की इतके दात एकाच वेळी आपल्याकडे पाहून हसताना बघून दचकत असे. कवळीकार स्वतः मात्र क्वचितच हसत. वरचा दात खालच्यावर केसभर जरी चढला तरी ती कवळी पुन्हा चुलीवर जाई.

अशा माणसाचा हात एके दिवशी मेणावर थरथरला. पुढे तो चहाच्या कपावर थरथरला, आणि काही आठवड्यांनी गाडीच्या स्टिअरिंगवरही. डॉक्टरांनी हात नीट तपासून सांगितले, "दात आणि गाडी, दोन्ही आता सोडा." दात त्यांनी निमूटपणे सोडले, हातातली कामे ओळखीच्या कारागिराकडे सोपवली आणि चूल पुसून ठेवली. गाडीपाशी मात्र त्यांचे पाऊल अडले. ती विकायची हे ठरले होते, पण ज्याच्या हाती ती पुढेही धडधाकट चालत राहील अशाच माणसाला विकायची. या एका अटीने घरातल्या सर्वांचा जीव मेटाकुटीला आला.

गाडी गडद निळी, चार दारांची, लांब डिकीची. मुलगी महाविद्यालयात गेली त्या वर्षी घेतलेली. त्यांच्या वयाच्या साऱ्यांनी तेव्हा साध्यासुध्या, गरीब स्वभावाच्या गाड्या घेतल्या होत्या. कवळीकारही तशीच घेणार होते. पण दुकानातल्या विक्रेत्याने त्यांना ही टर्बोची गाडी गावाबाहेरच्या चढावर चालवायला दिली. अर्धा चढ झाला आणि पाठीवर कोणी तळहात टेकवून अलगद पुढे ढकलावे तसे त्यांना वाटले. आयुष्यात प्रत्येक वस्तू मोजूनमापून घेणारा हा मनुष्य त्या एका ढकलण्यावर भाळला.

"सवत आणलीत ती निदान दिसायला तरी बरी आणलीत," काकू म्हणाल्या. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. गल्ली त्यांना काकू म्हणे, आणि त्यांच्या जिभेला धार किती हेही गल्ली जाणून होती.

मित्रमंडळी तर सुतकी चेहऱ्याने भेटायला आली. टर्बो म्हणजे पांढरा हत्ती, हे सर्वांचे एकमत. पोसताना धाप लागते आणि बसला की उठत नाही! त्यात तथ्य नव्हते असे नाही. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चिमुकले चाक फिरते आणि ते इंजिनात जास्तीची हवा कोंबते, इतकीच ती युक्ती; पण ते चाक भयंकर वेगाने आणि भयंकर तापून फिरते, आणि त्याला आधार काय, तर तेलाचा एक पातळ पापुद्रा. तेल जुने झाले, की चाकाचे दिवस भरले. कवळीकारांना हे ऐकून भीती वाटली नाही. उलट आपल्याच जातीचे यंत्र भेटल्याचा आनंद झाला. पुस्तिकेत तेल बदलायची जी मुदत दिली होती तिच्या निम्म्यातच ते तेल बदलू लागले. भाकिते करणाऱ्यांच्या गाड्या एकामागून एक भंगारात गेल्या, आणि पांढरा हत्ती निळ्या रंगात डौलाने फिरत राहिला.

कवळीकारांचा आणखी एक दंडक होता. लांबून आल्यावर गाडी दारात उभी केली की इंजिन लगेच बंद करायचे नाही. तापलेल्या चाकाला थोडा वेळ तेल मिळू द्यायचे. ते निवले की मगच किल्ली फिरवायची. तोवर कोणी दार उघडायचे नाही, कारण दार उघडले की सामान, चपला आणि गडबड सुरू होते, आणि कवळीकारांना आवाज ऐकायचा असे.

"अहो, झालं का तिचं दम खाऊन? माझे पाय आखडले," काकू म्हणत.

"होतंय. आत्ताच चढ चढून आली आहे ती."

"मीपण चढते जिने. माझ्यासाठी कोण थांबतं?"

पण गंमत अशी, की घरात वर्षानुवर्षे जे बोलले गेले नाही ते या थांबण्यात बोलले गेले. घरी कवळीकारांच्या तोंडाला कामाचे कुलूप असे. इथे हात रिकामे, उठून जायची सोय नाही, आणि सर्वांच्या नजरा समोरच्या काचेकडे. एकमेकांच्या तोंडाकडे पाहावे लागत नसल्याने जड गोष्टीही सहज निघत. मुलीने गणितात नापास झाल्याचे मागच्या आसनावरून याच वेळी सांगितले. पुढे आपण एकाशी लग्न ठरवले आहे हेही तिथूनच. तेव्हा कवळीकारांनी आरशात पाहून एवढेच विचारले होते, "गाडी चालवतो का तो?" आणि काकूंनी आपल्या आईचे दुखणे आता बरे होणारे नाही हे पहिल्यांदा मोठ्याने उच्चारले तेही तिथेच. त्या दिवशी चाक केव्हाच निवले होते. तरी कवळीकारांनी किल्ली फिरवली नव्हती.

गाडीचे वय झाले तशा कुरबुरी सुरू झाल्या. प्रथम ठिणगी देणारी एक कॉइल गेली आणि इंजिनाला उचक्या लागल्या. मग पाण्याच्या नळीचा प्लास्टिकचा सांधा पाझरू लागला. त्यानंतर इंजिनाच्या झाकणाखालून तेलाचा घाम. हे सारे निस्तरणारा मिस्त्री चौकापलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसे. त्याची खालची कवळी कवळीकारांच्या हातची होती, त्यामुळे दोघांत एक अभेद्य करार होता.

"माझं तोंड तुमच्या हातात, तुमची गाडी माझ्या हातात," मिस्त्री म्हणे. "बिल वाढवलं तर मला चावता येणार नाही, हे मला कळतं."

असे हे स्थळ. आता ते बघायला येणाऱ्यांची कथा.

पहिला आला तो कुठल्याशा कार्यालयातला तरुण. थंड इंजिन सुरू होताच त्याने पाय दाबून ते भणाणून सोडले. कवळीकारांनी खिडकीतून हात घालून किल्लीच काढून घेतली आणि म्हणाले, "झोपेतून उठलेल्या माणसाला कोणी पळायला लावतं का?" दुसरे एक जोडपे आले, त्यांनी रंग पाहिला, गाणी लावून पाहिली आणि पुढचे झाकण उघडायलाही सांगितले नाही. तेही बाद. एखादा खरोखरच समजूतदार निघाला, तर कवळीकार त्याला बसवून गाडीची सारी दुखणी इतक्या तपशिलाने सांगत, की चहा संपण्याआधी तो घड्याळ पाहू लागे.

मुलगी भेटीला आली तेव्हा तिने कपाळाला हात लावला. "बाबा, गाडी विकताय की मुलगी देताय? माझ्या वेळी एवढी चौकशी नव्हती केलीत!"

"तू परत येऊ शकत होतीस," कवळीकार शांतपणे म्हणाले. "ही येणार नाही."

त्यानंतर एक बाई आली. चाळिशी ओलांडलेली, अंगाने दणकट, केस घट्ट बांधलेले. तिची स्वतःची भाड्याची गाडी होती. डोंगरापलीकडच्या मोठ्या शहरात ती प्रवासी नेई-आणी, आणि तिची गाडी आता थकली होती. तिने इंजिन सुरू केले, खाली उतरली, झाकणावर तळहात ठेवून डोळे मिटून उभी राहिली. कवळीकारांच्या मनात आशा पालवली. मग त्यांनी विचारले, "रोज किती चालवाल?"

"रोज घाट, काका. जायचा आणि यायचा. कधी दोनदा."

ती आशा तिथल्या तिथे कोमेजली. रोज घाट! अनोळखी माणसे, त्यांच्या बॅगा, चिखलाचे बूट! "नाही जमायचं," ते म्हणाले. "हिला मी फार जपलंय."

"दिसतंय ते," बाई म्हणाली. "बरं, मन बदललं तर स्टँडवर कोणालाही विचारा. पण फार दिवस उभी नका ठेवू."

गाडी मात्र उभीच राहिली. अंगणातल्या शेडमध्ये, जाड कापडाखाली, सारा हिवाळा. कवळीकार रोज सकाळी कापडाचा एक कोपरा उचलून पाहत आणि पुन्हा नीट खोचत. थंडी सरल्यावर एका सकाळी त्यांनी मुलीला बोलावून गल्लीत फेरी मारायला सांगितली. गाडी सुरू झाली, पण फुसफुसत. समोर पिवळा दिवा पेटला. मुलीने पाय दाबला तरी गाडी बैलासारखी मान खाली घालून रेंगाळली. ती ओढ, तो पुढे ढकलणारा तळहात, कुठे म्हणून उरला नव्हता.

मिस्त्री आला, गाडीखाली शिरला आणि बराच वेळ फक्त त्याचे पाय बोलत राहिले. "हवेची नळी उंदरानं कुरतडलीय. आणि जास्तीचा धूर सोडणारी झडप गंजून अडकलीय. टर्बो वाचलाय या खेपेला."

"अहो, पण मी तर चालवलीच नाही!"

"तेच म्हणतोय मी," पाय म्हणाले. मग मिस्त्री सरपटत बाहेर आला आणि हात पुसत उभा राहिला. "चालवून बिघडलेल्या गाड्या मी रोज दुरुस्त करतो. न चालवून बिघडलेलीला काय करू? अजून एक हिवाळा अशीच ठेवलीत, तर पुढच्या वेळी मला बोलवू नका. भंगारवाल्याला बोलवा."

नळी बदलली, झडप सुटली, दिवा विझला. कवळीकारांनी कापड पुन्हा पसरले. मात्र या वेळी कोपरे त्यांनी खोचले नाहीत.

काम सोडले तरी जुनी गिऱ्हाइके सल्ल्याला येत. त्याच आठवड्यात एक वृद्ध आजी पदराखालून डबी काढत आल्या. "काय ही कवळी केलीत! बसतच नाही. डुगडुगते."

कवळीकारांनी कवळी उजेडात धरली, फिरवली आणि कपाळाला आठी घातली. "घालत होता का रोज?"

"रोज कशाला? चांगली वस्तू ती. कुठं जायचं असलं की घालायची, आणि आले की पुसून कोरडी करून डबीत. इतकी जपली हो!"

"आजी!" कवळीकारांचा आवाज चढला. कार्यशाळेत तो फार वर्षांनी चढत होता. "शंभरदा सांगितलं मी! कोरडी पडली की ती वाकते. न घालता बसलात की हिरडी बदलते. रात्री पाण्यात, दिवसा तोंडात. डबीत ठेवायला केलीय का मी ती? वस्तू वापरली की टिकते. जपली की जाते!"

आतल्या दारात काकू भाजीची टोपली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी टोपली या कमरेवरून त्या कमरेवर घेतली.

"छान सांगितलंत," त्या म्हणाल्या. "आता हेच जरा शेडकडे तोंड करून सांगा."

आजींना काही कळले नाही. त्या आळीपाळीने दोघांकडे पाहू लागल्या. कवळीकारांनी कवळी पाण्याच्या वाटीत ठेवली, हात धुतले, चपला घातल्या आणि भर दुपारी पायी स्टँडचा रस्ता धरला.

गाडी न्यायला बाई आली तेव्हा कवळीकार फाटकापर्यंत तिच्यामागून चालत होते. तेल कोणते, कधी. थंड असताना काय करायचे नाही. चढ चढून आल्यावर काय करायचे. बाईने सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, "काका, एवढ्या सूचना मला माझ्या सासूनंही केल्या नव्हत्या."

"आणि पाळल्यास का तिच्या?" काकूंनी विचारले.

"कामाच्या तेवढ्या पाळल्या."

कवळीकारांना हे उत्तर, का कोण जाणे, पटले. त्यांनी किल्ली दिली.

पुढे उन्हाळा येऊन गेला. मुलीने घर बदलले होते, त्याच डोंगरापलीकडच्या शहरात. तिकडे जायचे ठरले तेव्हा काकूंनी परस्पर स्टँडवर निरोप धाडला. सकाळी निळी गाडी दारात उभी राहिली. कवळीकारांनी आधी तिला एक प्रदक्षिणा घातली. मागच्या बंपरवर पोचा, एका दारावर चरा, आसनावर जाडीभरडी खोळ, आत अनोळखी माणसांच्या केसांच्या तेलाचा आणि शिळ्या बिस्किटांचा वास. सवयीने ते उजव्या पुढच्या दाराकडे गेले, थबकले, आणि मागचे दार उघडून काकूंच्या शेजारी बसले. आपल्याच गाडीच्या मागच्या आसनावर ते उभ्या जन्मात प्रथमच बसत होते.

गाव संपले आणि घाट लागला. कवळीकारांनी मान किंचित तिरकी केली, श्वास रोखला. गाडी चढ घेऊ लागली. फुसफुस नाही. उचकी नाही. एका वळणावर बाईने गिअर बदलून पाय दाबला आणि ती जुनी, बारीक, शिटीसारखी तान पुढून निघाली, पूर्वीपेक्षाही मोकळी.

"कशी आहे?" आरशात पाहून बाईने विचारले.

"उत्तम," कवळीकार म्हणाले. मग त्यांनी तोच शब्द पुन्हा एकदा म्हटला. "उत्तम आहे."

यानंतर त्यांना करण्यासारखे काही उरले नाही. पाहायला वेगाचे काटे नव्हते, धरायला स्टिअरिंग नव्हते. त्यांनी खिडकीबाहेर पाहिले. दरीच्या तळाशी, झाडांच्या गोलात, एक लखलखते तळे होते.

"हे तळं कधी खणलं?" त्यांनी विचारले.

काकूंनी वळून त्यांच्याकडे पाहिले. "खणलं? पहिल्यापासून आहे ते. तुम्ही काट्यांकडे बघत होता."

"आणि ते पिवळं घर?"

"ते हिरवं होतं. त्याच्याआधी पांढरं. अंगणात एक बाई दोरीवर कपडे वाळत घालायची, ऊन असो नसो. एका वर्षी ती दिसलीच नाही. आता तिची सून घालते, पण दोरी खाली बांधलीय. बुटकी असणार."

कवळीकार काचेला कपाळ टेकून ते घर मागे पडेपर्यंत पाहत राहिले. अंगणात खरोखरच कोणीतरी कपडे झटकत होते. घर दिसेनासे झाले तेव्हा ते काकूंकडे थोडे सरकले.

"पुढच्या वळणावर काय आहे?" त्यांनी विचारले.