भोंग्याचा ठेका

माझे सासरे शिलाई मशिनी दुरुस्त करतात. दुकान आठ बाय दहाचं. आत मशीनच्या तेलाचा असा वास की सासूबाई त्यांचे कपडे घरातल्या बाकीच्या कपड्यांत मिसळू देत नाहीत. ऐन तारुण्यात मात्र ते ड्रम वाजवायचे, आणि तेही भोंग्याच्या बँडमध्ये. भोंगा म्हणजे आमच्या शहरात रॉक अँड रोल गाणारा पहिला माणूस. आवाज कारखान्याच्या भोंग्यासारखा, म्हणून ते नाव. सासरे तेव्हा इतके बारीक होते की त्यांना सगळे काडी म्हणत. आता पोट चांगलं सुटलंय, पण त्या काळची जी दोन-चार माणसं उरलीत ती अजून काडीच म्हणतात.

भोंगा जाऊन तीस वर्षं झाली. मध्यंतरी त्याच्या आयुष्यावर सिनेमा काढायचं ठरलं आणि सिनेमाची लेखिका माहिती गोळा करत दुकानात आली. बँडमधले हयात असलेले हे एकटेच. तिने बरंच काही विचारलं आणि शेवटी म्हणाली, पहिलं गाजलेलं गाणं ज्या ठेक्यावर सुरू होतं, तो ठेका सुचला कसा? तो ठेका शहरात कोणाला माहीत नाही असं नाही. शाळेतली मुलं बाकं बडवतात ती त्याच ठेक्यावर.

सासरे म्हणाले, "मी बसवला."

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण ती लिहून घेत होती, मान डोलावत होती, आणि इतक्या वर्षांत त्यांचं बोलणं कोणी लिहून घेतलं नव्हतं. मग ते सुटलेच. मशीन चालवून बघत होतो, पायडलचा ताल कानात बसला, तसाच उठून ड्रमवर गेलो, वगैरे. खरं तर त्या काळात मशीनचा धंदा त्यांच्या स्वप्नातही नव्हता.

सिनेमा लागला. पहिल्या खेळाला आम्हा सगळ्यांना बोलावणं होतं. सासूबाईंनी ठेवणीतली साडी काढली, माझ्या बायकोने बाबांसाठी नवा कोट घेतला. पडद्यावर एक देखणा नट शिलाई मशीनपाशी बसतो, पायडल मारता मारता थबकतो, डोळे मिटतो, आणि मग ठेका वाजतो. भोंगा धावत येऊन त्याला मिठी मारतो. थिएटरभर टाळ्या पडल्या. बायकोने माझा हात घट्ट धरला. मी सासऱ्यांकडे पाहिलं तर ते मान खाली घालून कोटाचं बटण चाचपत होते. मला वाटलं, भरून आलं असेल.

दोन रांगा पुढे भोंग्याची मोठी बहीण बसली होती. तिला सगळे ताईच म्हणतात, वय ब्याऐंशी. मध्यंतरात ती वळली, सासऱ्यांकडे बघून हसली आणि म्हणाली, "काडी, नट छान दिलाय रे तुला." बस, इतकंच. सासऱ्यांना त्यानंतरचा सिनेमा काय होता ते आजही सांगता येणार नाही.

पुढचे पंधरा दिवस दुकानात गर्दी. मशीन घेऊन येणारे कमी, फोटो काढणारे जास्त. समोरच्या शिंप्याने हौसेने त्यांचा मोठा फोटो छापून दाराशी लावला. सासरे दुकान अर्धं उघडू लागले, मग दोन दिवस उघडलंच नाही. जेवणावरून लक्ष उडालं. बायको म्हणाली, तुम्ही जरा बोलून बघा, मला काही सांगत नाहीत.

मी गेलो. ते एका मशीनची शटल पुसत बसले होते. पुसून झालेली पुन्हा पुसत होते.

"जावईबापू," ते म्हणाले, "तो ठेका ताईचा आहे."

मग सगळं सांगितलं. ताई लाँड्रीत वाफेच्या इस्त्रीवर काम करायची. दिवसभर पायडल दाबायचं, वाफ सोडायची, झाकण आपटायचं. बँडचा सराव तिच्याच घरात चाले. सासरे मिरवणुकीच्या बँडमधून आलेले, त्यामुळे काहीही वाजवलं तरी माणसं रांगेत चालल्यासारखी वाटत. गाणं काही केल्या उठेना. एका संध्याकाळी ती कामावरून आली, दारातच चप्पल काढता काढता ऐकलं, आणि म्हणाली, असं नाही रे. बादली पालथी घातली आणि तळहाताने वाजवून दाखवलं. दोन ठोके, एक गिळलेला, मग लागोपाठ तीन. दिवसभर तिच्या पायाखाली तेच चालायचं. भोंगा उडालाच. सासऱ्यांनी तेच उचललं, आणि गाणं उभं राहिलं.

मी म्हटलं, बाबा, एवढंच असेल तर ताईंना जाऊन सांगू, माफी मागू. त्यांनी शटल खाली ठेवली. मग म्हणाले, "एवढंच नाही. पण ते आधी तिलाच सांगायला हवं."

रविवारी सकाळी आम्ही ताईकडे गेलो. तिसरा मजला, जिन्यात सासरे दोनदा टेकले. ताईने दार उघडलं, पाणी दिलं, खुर्चीवरचे घड्या केलेले कपडे उचलून पलंगावर ठेवले. सासऱ्यांनी ठेक्याबद्दल सांगायला सुरुवात केली तशी तिने हातानेच थांबवलं. म्हणाली, ते मला माहितीच आहे की. या वयात मला कुठे स्टेजवर जायचंय? तुझं नाव झालं, ठीक झालं.

त्यांना तिथेच सुटता आलं असतं. मी मनातल्या मनात म्हणतही होतो, उठा आता. पण ते उठले नाहीत.

"ताई, रेकॉर्डच्या कव्हरवर तुझं नाव घालायचं होतं भोंग्याला."

ताईचा हात गुडघ्यावर होता तो तसाच राहिला.

"त्याने कागदावर लिहूनही आणलं होतं. ठेका, आणि पुढे तुझं नाव. मी म्हटलं, लोक हसतील मला. इस्त्रीवाल्या बाईने ड्रमवाल्याला शिकवलं म्हणतील. तिचं नाव घालणार असशील तर मी उद्या येत नाही. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग होतं. दुसरा ड्रमवाला कुठून आणणार होता तो? त्याने कागद फाडला. आणि मी त्याला शपथ घातली, तुला सांगायचं नाही म्हणून."

ताई बोलली तेव्हा आवाज अगदी साधा होता.

"मला वाटलं, तो विसरला. मोठा झाला, लाँड्रीची लाज वाटायला लागली. शेवटची दोन वर्षं मी त्याच्याशी बोलत नव्हते, काडी. तो आजारी होता तेव्हासुद्धा."

सासऱ्यांना हे ठाऊक नव्हतं. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि दुसरीकडे बघितलं. ते माफी मागायला लागले, पण तिने ऐकून घेतलं नाही. म्हणाली, आता तुम्ही जा. उतरताना जिन्यात ते टेकले नाहीत, भिंतीला हात लावत सरळ खाली गेले.

पुढे त्यांनी जमेल तेवढं केलं. लेखिकेला पत्र लिहिलं. तिचं उत्तर आलं, सभ्य होतं, पण सिनेमा आता बदलणार कसा? मग थिएटरच्या मालकाला भेटून त्यांनी एका रविवारच्या खेळाआधी दोन मिनिटं मागून घेतली. तोच कोट घालून पडद्यासमोर उभे राहिले आणि ठेका कोणाचा ते सांगितलं, कव्हरचंही सांगितलं. काही लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना तो विनयाचा प्रकार वाटला. त्यांनी हात वर करून टाळ्या थांबवल्या आणि पुन्हा सांगितलं, नीट, लहान मुलाला सांगावं तसं. मग मात्र थिएटर गप्प झालं. शिंप्याने दाराशी लावलेला फोटो उतरवला. माझी बायको त्यांच्याशी महिनाभर धड बोलली नाही. ते खोटं बोलले याचा राग होता, की चारचौघांत सांगितलं याचा, हे तिलाच नीट सांगता आलं नाही. सासूबाई तेवढं म्हणाल्या, "आता जेवा."

दोन महिन्यांनी ताईचा फोन आला. माफ केलं वगैरे काही नाही. म्हणाली, कागद फाडला त्या दिवशी तो आणखी काय म्हणाला होता ते सांगायला ये. शब्द न् शब्द. तेव्हापासून सासरे रविवारी जातात. भोंगा काय बोलायचा, कशावर हसायचा, सरावाला उशीर झाला की कुठल्या थापा मारायचा, सगळं ती काढून घेते. ती त्यांना अजून पाणीच देते, चहा विचारत नाही, आणि तेही अपेक्षा करत नाहीत. गेल्या रविवारी मी बरोबर होतो. तिने विचारलं, "आजारपणात माझी आठवण काढायचा का रे?"

हो म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. मीही त्यांच्या जागी हो म्हटलं असतं, खोटं कशाला बोलू. सासऱ्यांनी दोन्ही हात मांड्यांवर घट्ट दाबले.

"मला माहीत नाही, ताई," ते म्हणाले. "मी तेव्हा त्याला भेटायलाच गेलो नव्हतो."